जुन्या कवळीचा तुकडा

पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. मला कुणाला घाबरवायची हौस नाही. मीच अजून धड सावरलेले नाही.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरी, तिच्या आतल्या खोलीत.

एक आधीच सांगते. यात अमावास्या नाही, पडकं घर नाही, रात्रीचे बारा तर नाहीतच. मंगळवार होता. दुपारचे अडीच. चौथ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून ऊन सरळ टेबलावर आलेलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. आणि मी फोनवर होते. म्हणजे जे ऐकलं ते याच कानांनी ऐकलं.

ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि ही घरच्याच एका खोलीत बसून दात लावते. तीस वर्षं झाली. हात असा स्थिर की दाताच्या कडेला केसाएवढी रेघ ओढेल आणि शेजारी फटाका फुटला तरी रेघ वाकडी होणार नाही. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की ही उठून चहा टाकायला जायची.

तिची मुलगी चिमणी. सात वर्षांची असताना तापाने गेली. चार दिवसांत. अकरा वर्षं झाली त्याला.

त्यानंतर भाऊजींनी काय केलं, ते ऐका. भिंतीवरचा चिमणीचा फोटो उतरवला. अल्बम कपाटात टाकून किल्ली स्वतःकडे ठेवली, आणि पुढे ते अल्बमही कुठे नाहीसे केले. तिचे सगळे व्हिडिओ भाऊजींच्या कॉम्प्युटरमध्ये होते. नाचतानाचे, भांडतानाचे, पडलेला दात दाखवतानाचे. त्या खोलीत ताईला मज्जाव.

"बघून रडत बसतेस. माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

स्वतः मात्र रोज दुपारी तीन ते पाच दार लावून आत बसायचे. कानाला हेडफोन. नकाशे काढतोय म्हणायचे. निवृत्त माणूस कसले नकाशे काढणार?

भाऊजींचे वरचे सगळे दात पन्नाशीतच गेले होते. कवळी अर्थात ताईनेच बनवली. ती पुढे जरा सैल झाली. ताई तीनदा म्हणाली, द्या, घट्ट करून देते. दिली नाही. "तू मुद्दाम सैल बनवलीस," म्हणायचे. त्यामुळे बोलायच्या आधी त्यांची कवळी वाजायची.

टक.

मग यायचं ते वाक्य. आणि ते बहुतेक 'नाही'च असायचं. आम्हा बहिणींमध्ये ती चेष्टाच झाली होती. काही मागायचं असलं की आम्ही म्हणायचो, आधी टक होऊ दे, मग बघू.

सात वर्षांपूर्वी एकदा ताईचा संयम सुटला. ती दार ढकलून आत गेली. कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडीच होती. रागाच्या भरात तिने आत हात घातला आणि हार्ड डिस्कची केबल ओढली. सरळ ओढली असती तर निघाली असती. ती ओढली वाकडी. आत काहीतरी कट्कन मोडलं.

भाऊजींनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

टक.

"तोडलंस. गेलं सगळं. आता तुलाही नाही आणि मलाही नाही."

ताईने ते खरं मानलं. सहा वर्षं ती हेच उराशी घेऊन जगली, की आपण आपल्याच हाताने आपल्या लेकीचा आवाज मोडला. मला म्हणायची, "कुणाला सांगू? आपलेच दात आणि आपलेच ओठ." भाऊजी तरीही रोज तीनला दार लावून बसायचे. ती विचारायची नाही. तोंडच राहिलं नव्हतं विचारायला.

दहा महिन्यांपूर्वी भाऊजी गेले. हृदयविकार. दवाखान्यात ताई त्यांचा डावा हात धरून बसली होती. तेव्हा तिला त्यांच्या पहिल्या बोटाच्या पेरावर बारीक रेघा दिसल्या. सात. एकीला लागून एक, कंगव्याने ओढल्यासारख्या. घट्टे पडले होते तिथे. तिला अर्थ लागला नाही, आणि अर्थ लावायची ती वेळही नव्हती.

मग कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकू म्हणून तिने गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणतात. त्याने टॉर्च मारून डब्यात पाहिलं.

"काकू, हे कधी तुटलं?"

"सहा वर्षं झाली. बंद आहे तेव्हापासून."

"बंद? छे हो. हे बघा. केबलच्या टोकाला धरून ठेवणारी एवढीशी प्लास्टिकची पट्टी असते, ती मोडलीय. तुकडा काही सापडत नाही. पण पिना सातच्या सात शाबूत आहेत. पट्टी नाही म्हणून केबल टेकत नाही, एवढंच. बोटाने दाबून धरली तर चालेल. थांबा."

त्याने बोट आत घातलं, दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू केला.

सुरू झाला.

"काका शेवटचं कधी बसले होते?" त्याने विचारलं. "इथे तारीख दिसतेय. 'चिमणी' नावाचं फोल्डर."

ताईने तारीख वाचली. भाऊजी जायच्या दोन दिवस आधीची होती. दुपारचे चार पन्नास.

सहा वर्षं. रोज दोन तास. एक हात डब्यात घालून, सात पिना बोटाने दाबून, तो माणूस एकटाच लेकीला बघत होता. आणि बाहेर स्वयंपाकघरात जिला वाटत होतं की आपण सगळं संपवलं, तिच्याकडून वेळेवर चहा घेत होता.

डॉक्टरचं बोट दुखलं, त्याने काढून घेतलं. पडदा काळा झाला.

"दहा मिनिटांचं काम होतं हो," तो म्हणाला. "कॉम्प्युटर साफ करून देऊ का विचारायला मी दोनदा आलो होतो. काकांनी दारातूनच घालवलं. तुम्ही असं करा, डिस्क माझ्याकडे ठेवा आठवडाभर. मोठ्या दुकानात पाठवून सगळं कॉपी करून आणतो."

"घराबाहेर जाणार नाही ती," ताई म्हणाली. "एक दिवससुद्धा नाही. पट्टीच बसवायची ना? मी बसवते."

"काकू, फार नाजूक काम असतं ते."

"मी काय विटा रचते का रे?"

तिचा राग मला कळत होता. मला स्वतःला भाऊजींचा इतका राग आला होता की मेलेल्या माणसाला शिव्या द्यायला मी मागेपुढे पाहिलं नाही. पण ताईने पुढे जे केलं ते तिने करायला नको होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच.

आधी तिने कवळीच्याच गुलाबी प्लास्टिकची नवी पट्टी बनवली. मोडली. दुसरी जाड झाली. तिसरी घासताना उडून कुठे गेली ते सापडलंच नाही. ताजं प्लास्टिक ठिसूळ, आणि पट्टी हवी होती नखाएवढी पातळ. मुरलेलं, तोंडात वर्षानुवर्षं राहून टणक झालेलं प्लास्टिक हवं होतं.

तिच्या खणात भाऊजींची जुनी कवळी होती. शेवटी बाहेरून करून घेतलेली नवी त्यांच्याबरोबर गेली, ही वाजणारी मागे राहिलेली.

या धंद्यात एक नियम आहे. ताईला काम शिकवलं त्या म्हाताऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. गेलेल्या माणसाची कवळी कापायची नाही. दुरुस्तीला आलेली असली तरी तशीच घरच्यांना परत द्यायची. तीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता. का कापायची नाही, हे मास्तरांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

मला मात्र ती फोनवर म्हणाली, "माझ्याच हातची, माझ्याच नवऱ्याची. घरचे म्हणजे मीच. मी मलाच परत दिली आणि कापली. झालं?"

टाळूला चिकटतो तो गुलाबी भाग तिने कापला. कानशीने घासला. चिमट्याने उचलून सातही पिनांच्या खाली सरकवला, एक थेंब चिकटवायचं औषध लावलं. बसला. जणू तिथलाच होता.

तो मंगळवार.

"तू फोनवर राहा," ती म्हणाली. "मला एकटीला नाही बघवणार."

मी राहिले. केबल लावल्याचं ऐकलं. पंखा घरघरला. मग ताईचा श्वास ऐकला, आणि मला कळलं की सुरू झालं.

"दोनशे बारा आहेत गं," ती रडत हसत म्हणाली. "दोनशे बारा!"

तिने पहिला लावला. चिमणी गॅलरीत उभी. लाल फ्रॉक. तोंड हलतंय...

आवाज नाही.

दुसरा लावला. तोंड हलतंय. आवाज नाही.

"स्पीकर बघ," मी म्हटलं.

तिने मोबाइलवरचं गाणं त्याच स्पीकरला लावून बघितलं. मला इकडे स्वच्छ ऐकू आलं. परत चिमणी लावली. काहीच नाही. दहा व्हिडिओ बघितले. पोरगी हसते, ओरडते, गाते... आणि खोलीत नुसता पंखा.

"असू दे," ताई म्हणाली, पण तिचा आवाज फाटला होता. "आधी कॉपी करून घेते. आवाजाचं नंतर बघू."

तिने नवी डिस्क जोडली. कॉपी सुरू केली. मी माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं ते अजून आठवतंय. बरोबर तीन वाजत होते.

आणि फोनमधून आवाज आला...

टक.

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"डिस्क वाजली," ताई म्हणाली. "जुन्या डिस्क वाजतात. डॉक्टर म्हणाला होता."

टक.

"ताई..."

"डिस्क आहे गं ती."

टक.

मग ती एकदम म्हणाली, "दोनशे नऊ."

"काय?"

"दोनशे बारा होते. आता दोनशे नऊ दाखवतंय. कॉपी एकही झालेला नाही. आणि इथले..."

टक.

"दोनशे आठ."

ती बटणं दाबत होती, ते ऐकू येत होतं. काही थांबत नव्हतं. दर टकेला एक व्हिडिओ जात होता. गॅलरीतला लाल फ्रॉक गेला. शाळेचा पहिला दिवस गेला. ती नावं वाचत होती आणि नाव वाचून होईपर्यंत ते नसायचं.

"अहो, सोडा!" ताई ओरडली. आयुष्यात त्या माणसासमोर तिचा आवाज इतका चढला नव्हता. "माझीपण होती ती! ऐकताय का? मी जन्म दिलाय तिला! सहा वर्षं खोटं बोललात, अजून पोट भरलं नाही तुमचं?"

टक. टक. टक.

"केबल काढ!" मी ओरडले.

"काढली आणि पट्टी तुटली तर? परत कुठून..." ती बोलता बोलता थांबली. "सैल असेल. दाबून बघते."

तिने हात डब्यात घातला.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. बोट पट्टीवर टेकवलं. पट्टी गार होती. आणि मग वरून बोटावर काहीतरी मिटलं. जोरात नाही. हळू, मग घट्ट. तारेचं नव्हतं, पत्र्याचं नव्हतं. तिने किंचाळायला तोंड उघडलं...

आणि स्पीकरमधून आवाज आला.

"आई, बघ ना! आई, इकडे बघ ना गं!"

तो मीही ऐकला. चिमणीचाच. 'गं' ओढायची तिची तीच पद्धत. अकरा वर्षांनी.

टकटक थांबली होती.

मी चप्पलसुद्धा उलटीसुलटी घालून निघाले. ताईच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. पोहोचले तेव्हा पावणेचार झाले होते. ताई स्टुलावर वाकून बसली होती. डावा हात मनगटापर्यंत डब्यात. पडद्यावर चिमणी पडलेला दात दाखवत होती, बोबडं बोलत होती. खोलीभर तिचा आवाज.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा मात्र कसा होता सांगू... दुखऱ्या दातावर गार पाणी लागलेल्या माणसाचा असतो, तसा. कळही आणि बरंही वाटतंय.

"हात काढ आधी," मी म्हटलं.

"हळू बोल. हात काढला की एक जातो. मघाशी ओढून पाहिला. एकशे सत्त्याऐंशी राहिलेत."

"अगं पण आत आहे काय?"

तिने मानेनेच डब्याकडे खुणावलं.

मी वाकून पाहिलं. खोटं कशाला बोलू, टॉर्च लावून पाहिलं. केबल, गुलाबी तुकडा आणि तिचं बोट. बाकी काही नव्हतं. पण बोटाच्या कातडीत खळगे पडलेले दिसत होते, कुणीतरी दाबावं तसे. आणि दाबणारं काही दिसत नव्हतं.

ठीक पाच वाजता पडदा आपोआप काळा झाला. ताईने हात बाहेर काढला.

मला वाटलं होतं सात रेघा असतील. भाऊजींसारख्या.

रेघा नव्हत्या. बोटाच्या वरच्या बाजूला दातांचे व्रण होते. फक्त वरच्या दातांचे, अर्धगोल. खालच्या बाजूला काहीच नाही.

ताईने बोट उन्हात धरून पाहिलं. दातांच्या डॉक्टरकडून आलेलं माप बघते तसं, अगदी शांतपणे.

"हा दुसरा जरा तिरका आहे ना?" ती म्हणाली. "मीच तसा लावला होता. अगदी सरळ लावले की खोटे वाटतात."

दुसऱ्या दिवशी मी त्या दुरुस्तीवाल्याला घेऊन गेले. दुपारी तीनच्या पुढे. त्याला सगळं सांगितलं नाही, डिस्क वाजते एवढंच सांगितलं. त्याने डब्याला कान लावला.

"काही वाजत नाही. पट्टी तर काकूंनी काय सुरेख बसवलीय! मी कॉपीला लावतो."

त्याने लावलं. आम्हा तिघांच्या डोळ्यांदेखत आकडा एकशे श्याऐंशी झाला. मग एकशे पंच्याऐंशी.

टक-टक मला आणि ताईला ऐकू येत होती. त्याला येत नव्हती. पण त्याने सहज पट्टी चाचपायला बोट आत घातलं आणि असं मागे घेतलं की स्टूल आडवं झालं. काय झालं ते त्याने सांगितलं नाही. जिना उतरून गेला. त्याचा स्क्रूड्रायव्हर अजून तिथेच पडलाय, न्यायला आलेला नाही. रस्त्यात मला पाहिलं की दुकानाचं अर्धं शटर ओढतो.

मी ताईला विनवलं. भांडले. म्हटलं, तो तुकडा काढून फेकून दे.

"मग आवाज कुठून आणू?" ती म्हणाली.



आता ती रोज बसते. तीन ते पाच. दार लावून. डावा हात डब्यात. कवळ्यांचं काम सुटत चाललंय. ते बोट काळंनिळं झालंय, त्याला काही कळत नाही म्हणते. तीस वर्षांचा स्थिर हात हल्ली कप उचलताना थरथरतो. आधी मला फोन करून ऐकवायची. मग फोन बंद झाले. मग खोलीचं दार मीही उघडायचं नाही असं झालं.

मागच्या महिन्यात मी गेले. तीन वाजून गेले होते. बंद दाराबाहेर बसून राहिले. आतून चिमणीचा आवाज येत होता, आणि मधूनमधून ताईचं हसणं.

पाचला ती बाहेर आली. बोटाला रुमाल गुंडाळलेला. कोण आलंय हे ओळखायलाही तिला एक क्षण लागला.

मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, "ताई, मला एक दे. एकच. दुसरं काही नको, तुझ्या मोबाइलवर त्याचा नुसता आवाज घे आणि मला पाठव. मी मावशी होते गं तिची. मी तिला अंगाखांद्यावर खेळवलंय. नुसता आवाज दे."

ताई माझ्याकडे बघत राहिली. सहा वर्षं जी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, ती माझी ताई.

मग तिचा जबडा किंचित हलला...

टक.

तो आवाज खोलीतून नाही आला. डब्यातून नाही आला. माझ्यासमोर दोन हातांवर, तिच्या तोंडातून आला.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

ताई एक्कावन्न वर्षांची आहे. तिचे सगळे दात तिचे स्वतःचे आहेत. एकही पडलेला नाही, एकही हलत नाही. धंद्याची जाहिरात म्हणून ती ते हसून दाखवायची.

मी जिना उतरले. खाली फाटकापाशी थांबले आणि जिभेने माझे दात चाचपून पाहिले. एकेक करून, सगळे.

जागेवर होते.

तरी अजून रोज दुपारी तीन वाजले की हातातलं काम थांबतं, आणि मी परत चाचपून बघते.